भातसेच्या खोऱ्यातील पाण्याचा हिशेब: विद्यार्थ्यांसाठी वर्षभराचा अभ्यास

शहापूर तालुक्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भातसानगरला भातसा नदीवर 88.5 मीटर उंचीचे धरण आहे आणि त्याची धारणक्षमता 976 दशलक्ष घनमीटर आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांत हा सर्वांत मोठा. महापालिकेच्या हिशेबात सातांचा मिळून उपयुक्त साठा 14,47,363 दशलक्ष लिटर. त्यातला 7,17,037 दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा, एकट्या भातसेचा. तरीही मार्च उलटला की याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथे सगळ्यांना पाठ आहे. म्हणीत गाऱ्हाणे आहे, कारण नाही. कारण शोधायचे तर पाऊस, माती, खडक, उतार आणि पाण्याची वाटणी या पाच गोष्टी एकेक करून पाहाव्या लागतात. यातल्या बहुतेक गोष्टी आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना दोरी, डबा, बाटली आणि वही एवढ्या साधनांत मोजता येतात. नववी-दहावीचा ‘जलसुरक्षा’ आणि अकरावी-बारावीचा ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या विषयांच्या प्रकल्पासाठी याहून जवळचा विषय शहापूर-मुरबाडमध्ये सापडणार नाही.

सुरुवात एककांपासून करावी, कारण बातम्यांत एकच साठा तीन भाषांत येतो. एक दशलक्ष घनमीटर, म्हणजे कार्यालयीन भाषेतला एक दलघमी, म्हणजे शंभर कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. तो सुमारे 28.3 दलघमी भरतो. त्यामुळे भातसेचे 976 दलघमी म्हणजे साडेचौतीस टीएमसीच्या आसपास. वर दिलेले 976 आणि 717 हे आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळून जाऊ नये. पहिला धरणाच्या एकूण पोटाचा आहे, तर दुसरा मुंबई महापालिका आपल्यासाठी मोजते तो उपयुक्त साठा आहे. आकडा उतरवून घेताना तो कशाचा, कोणाचा आणि कोणत्या तारखेचा हे सोबत लिहिले नाही, तर महिन्याभराने त्याचा काहीच उपयोग उरत नाही.

त्यानंतर नकाशा. आपल्या शाळेच्या अंगणात पडलेला थेंब शेवटी कोणत्या नदीला जातो, हे आधी ठरवावे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर 20 मीटर अंतराच्या समोच्च रेषा असतात. ओहोळांवर निळी पेन्सिल फिरवली आणि डोंगरधारांवर लाल, की पाणलोट आपोआप वेगळे दिसू लागतात. कसारा घाटाच्या बाजूचे पाणी भातसेकडे येते; मुरबाडच्या पूर्वेचे, माळशेजच्या बाजूचे पाणी काळू नदीला जाते. भातसा पुढे काळूला आणि काळू उल्हासला मिळते. माहुलीच्या डोंगराची (सुमारे 858 मीटर) धार नकाशावर पाहिली, की शेजारशेजारच्या दोन गावांचे पाणी दोन वेगळ्या खोऱ्यांत कसे जाते तेही समजते. भातसा धरणाचा पाणलोट जवळपास चारशे चौरस किलोमीटर धरला आणि त्यावर अडीच मीटर पाऊस पडला असे मानले, तर पाणी होते 1000 दलघमी. धरणाच्या धारणक्षमतेशी हा आकडा जवळजवळ जुळतो. अर्थात सगळा पाऊस नदीला मिळत नाही, काही मुरतो, काही उडून जातो. घाटमाथ्याला मात्र सपाटीपेक्षा पाऊस जास्त असतो. पण अभियंत्याने धरणाची उंची ठरवताना पहिला हिशेब कोणता मांडला असेल, याची कल्पना या एका गुणाकारातून येते.

पाऊस मोजणे हा या अभ्यासाचा कणा आहे. विकतचे पर्जन्यमापक नसले तरी अडत नाही. दहा सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे आणि त्याखाली दोन लिटरची बाटली पुरते. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ 78.5 चौरस सेंटिमीटर येते, म्हणून बाटलीत जमलेले प्रत्येक 7.85 मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. बाटली गोल आहे की चौकोनी, तिचा तळ सपाट आहे की खोलगट, याने काही बिघडत नाही, कारण पाणी बाटलीत न मोजता मोजपात्रात ओतून मोजायचे असते. शालेय प्रदर्शनांत बाटलीच्या अंगावर पट्टी चिकटवलेले पर्जन्यमापक नेहमी दिसतात. ते दिसायला छान असतात, पण खोलगट तळामुळे पहिल्या काही मिलिमीटरांना ते हमखास फसवतात. दोन लिटरची बाटली सुमारे अडीचशे मिलिमीटर पाऊस सामावते. जुलैतल्या एखाद्या दिवशी तीही भरून वाहील, म्हणून संततधार लागली की संध्याकाळी एकदा मोजून रिकामी करावी आणि दोन्ही मापांची बेरीज नोंदवावी.

जागा निवडताना जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडावे. नरसाळ्याचे तोंड जमिनीपासून फूटभर वर आणि अगदी आडवे असावे. नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता करावी. हवामान विभागाची वेळ हीच आहे, त्यामुळे आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. सोमवारी सकाळी मोजलेला पाऊस सोमवारच्या तारखेसमोर लिहितात, जरी तो बराचसा रविवारी पडलेला असला तरी. चोवीस तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस झाला तर हवामान विभाग त्याला जोरदार म्हणतो, 115.6 ते 204.4 पर्यंत अति जोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. या पट्ट्यात तिन्ही प्रकार एका पावसाळ्यात पाहायला मिळू शकतात.

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. एवढे एक सूत्र हाताशी असले की शाळेच्या छपराचा हिशेब मांडता येतो. छप्पर शंभर चौरस मीटरचे असेल तर वर्षाला अडीच लाख लिटर पाणी त्यावर पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी दोन लाख उरते. साठ मुले, प्रत्येकी पाच लिटर, म्हणजे दिवसाला तीनशे लिटर. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंतच्या शंभर दिवसांना तीस हजार लिटर लागतील. ती टाकी भरायला लागणारा पाऊस फक्त 375 मिलिमीटर, म्हणजे जुलैतले काही दिवस. पहिल्या एकदोन सरींचे पाणी छपरावरची धूळ, पाने आणि पक्ष्यांची घाण घेऊन येते, ते बाहेर सोडून द्यावे. साठवलेले पाणी पिण्याआधी निर्जंतुक करणे भाग आहेच.

पाऊस जमिनीवर आल्यावर काय होते, हे पाहायला दोन्ही तोंडे कापलेला पत्र्याचा डबा लागतो. तो चार-पाच सेंटिमीटर मातीत दाबून बसवावा, ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी भरावे आणि पातळी पाच सेंटिमीटर उतरायला लागलेला वेळ घड्याळावर पाहावा. कोरडी माती पहिले पाणी झटकन पिते, म्हणून त्याच जागी तीनदा मोजून तिसरी नोंद खरी धरावी. प्रयोग निदान तीन ठिकाणी करावा: सागा-ऐनाच्या रानात पालापाचोळ्याखाली, गुराच्या पायवाटेवर आणि भाताच्या खाचरात. रानातल्या मातीत गांडुळांची आणि मुळांची भोके असतात. वाटेवरची माती पायांनी दाबून घट्ट झालेली असते. खाचरातला आकडा मात्र विद्यार्थ्यांना चकवतो. चिखलणी करताना मातीचे बारीक कण खाली बसून घट्ट थर तयार होतो. पाणी मुरू नये हाच शेतकऱ्याचा हेतू असतो, कारण आवणीनंतर रोपांना उभे पाणी हवे असते. मुरवण चांगली की वाईट, हे जमीन कशासाठी आहे त्यावर ठरते. ज्या जागी राब भाजला जातो, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळला जातो, तिथेही डबा लावून पाहावा. राबाच्या आचेने तणाचे बी मरते आणि राखेतून पोटॅश मिळते, हा त्याचा फायदा; पण जमिनीवरचा पाला जळून जातो आणि त्यासाठी दरवर्षी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात. दोन्ही बाजू नोंदवाव्यात.

मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली कातळ. हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. घाटातल्या लेण्यांतही हाच दगड आहे. वाळूच्या थरात कणाकणांमध्ये पाणी राहते. बेसॉल्टमध्ये तशी जागा नसते. पाणी राहते ते भेगांत, दोन थरांच्या सांध्यात आणि वरच्या कुजलेल्या मुरमात. काही थरांत वायूच्या बुडबुड्यांनी केलेली भोके असतात, पण ती नंतर पांढऱ्या खनिजांनी भरून गेलेली असतात. ओढ्यात सापडणारे पांढऱ्या ठिपक्यांचे दगड तेच. एवढ्याशा जागेत अडीच मीटर पाऊस मावणार कसा? ऑगस्टपर्यंत मुरूम तुडुंब भरतो, त्यानंतरचे पाणी वरून वाहून जाते. शिवाय गाव जर उतारावर असेल, तर मुरमातले पाणीही दिवाळीपासून हळूहळू खालच्या ओहोळात झिरपून जाते. ठाणे जिल्ह्यात बेसॉल्टच्या थरांत उभ्या घुसलेल्या कठीण दगडाच्या भिंतीही जागोजागी आहेत. त्यांना डाइक म्हणतात. अशी भिंत जमिनीखालचे पाणी अडवते, तेव्हा एका बाजूची विहीर एप्रिलपर्यंत टिकते आणि जवळचीच दुसरी फेब्रुवारीत तळ दाखवते. जुन्या माणसांना असल्या विहिरी नेमक्या ठाऊक असतात. त्यांच्याकडून यादी करून घ्यावी आणि मग त्या नकाशावर मांडाव्यात.

खडकाच्याच संदर्भात आणखी एक गोष्ट इथल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवी. भातसा धरण भरत असताना 1983 साली खर्डी परिसरात भूकंपाचे धक्के जाणवले आणि सप्टेंबरमधल्या सर्वांत मोठ्या धक्क्याची तीव्रता पाचाच्या थोडी खाली होती. साठलेल्या पाण्याचे वजन आणि भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब यामुळे आधीच ताणाखाली असलेला खडक सरकतो, असे भूशास्त्र सांगते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला झालेला मोठा भूकंप याच प्रकारचा मानला जातो. म्हणून प्रत्येक धरणामागे भूकंप येतो असे नव्हे.

विहिरीचा अभ्यास पावसाइतकाच नेमाने करावा लागतो. कठड्यावर रंगाने एक खूण करावी आणि दर आठवड्याला ठरल्या वारी, सकाळी पहिला पोहरा पडण्याआधी, दगड बांधलेली मोजपट्टीची दोरी त्याच खुणेवरून सोडावी. पाण्यापर्यंतची खोली आणि तळापर्यंतची खोली अशा दोन नोंदी होतात. कठड्यावर वाकून मोजू नये, सोबत मोठे माणूस असावे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चार वेळा नोंदवते. आठवड्याची शालेय नोंद त्यांच्या मधल्या रिकाम्या जागा भरते.

नोंदी हातात आल्या की झऱ्याचा हिशेब निघतो, आणि हा भाग सर्वांत रंजक आहे. विहिरीचा व्यास चार मीटर आणि पाणी तीन मीटर असेल, तर साठा सुमारे 37,700 लिटर. चाळीस घरे रोज दोनशे लिटर उपसत असतील, तर दिवसाला आठ हजार लिटर जातात. बाहेरून काहीच आले नाही तर विहीर पाच दिवसांच्या आत संपायला हवी. तेवढ्या दिवसांत ती फक्त एक मीटर उतरली, तर उरलेले पाणी झऱ्यांनी आणून दिले. डिसेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिल या तीन महिन्यांत हाच हिशेब पुन्हा केला, की झरा कधी आणि किती आटतो ते लिटरमध्ये सांगता येते. ग्रामसभेत पाणीटंचाईचा विषय निघतो तेव्हा अशा आकड्यांना वजन येते.

आता धरणाकडे. भातसा जलाशय पूर्ण भरला की त्याची पातळी समुद्रसपाटीपासून 142 मीटरच्या आसपास असते. आजूबाजूचे बरेच पाडे डोंगरउतारावर, त्याहून वर आहेत. पाणी आपण होऊन वर चढत नाही. धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून खाली पिसे बंधाऱ्यापर्यंत जाते, तिथे उचलले जाते, भिवंडी तालुक्यातल्या पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध होते आणि मुंबईकडे निघते. वरच्या पाड्यासाठी मात्र ते पंपाने चढवावे लागते. याला खर्च किती? एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला 1000 × 9.8 × 100 म्हणजे 9,80,000 जूल ऊर्जा लागते. विजेचे एक युनिट 36 लाख जुलांचे, म्हणून हे काम पाव युनिटाहून थोडे जास्त. पंपात आणि पाइपात निम्मी ऊर्जा वाया गेली असे मानले तर अर्धे युनिट. शंभर घरांच्या पाड्याला रोज वीस हजार लिटर चढवायला अकरा युनिटे पुरतात. म्हणजे भौतिकशास्त्र आडवे येत नाही. अडते ते विखुरलेल्या पाड्यांपर्यंतच्या वाहिन्या, त्यांची देखभाल, वीजबिल कोणी भरायचे आणि साठ्यातले पाणी कोणासाठी राखीव आहे, यांवर. इगतपुरीजवळचे भावली धरण घाटाच्या वर आहे. तिथून पाणी उताराने शहापूरकडे आणण्याची योजना आखली गेली ती पंपाचा हा खर्च टाळण्यासाठीच. धरणाला शैक्षणिक भेट द्यायची असेल तर जलसंपदा विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी. धरण क्षेत्रात फोटो काढण्यावर निर्बंध असतात. जलाशयाच्या काठाने उतरून पाण्यात जाणे पूर्णपणे टाळावे.

पाणी शुद्ध होते म्हणजे काय होते, हे वर्गातही दाखवता येते. जुलैतले नदीचे गढूळ पाणी एक-एक लिटरच्या चार बाटल्यांत घ्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात दहा ग्रॅम तुरटी विरघळवली की त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम तुरटी असते. पहिली बाटली तशीच ठेवून उरलेल्या तिन्हींत एक, तीन आणि सहा मिलिलिटर द्रावण घालावे, मिनिटभर जोराने आणि मग काही वेळ हळू ढवळून अर्धा तास ठेवावे. मातीच्या सूक्ष्म कणांवर सारखाच विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटी तो भार मोडते आणि कण गोळा होऊन खाली बसतात. सगळ्यात जास्त तुरटी घातलेले पाणी सगळ्यात स्वच्छ दिसेलच असे नाही. मोठ्या केंद्रात पावसाळ्यातल्या गढूळपणाप्रमाणे मात्रा बदलत राहावी लागते ती याचमुळे.

निवळलेले पाणी पिण्याजोगे असतेच असे मात्र नाही. जंतू मारायला गावात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरतात, आणि नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे असा भारतीय मानकाचा दंडक आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो: थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. ओटीचे रसायन विषारी असल्याने चाचणी त्यानेच करावी, विद्यार्थ्यांनी रंग आणि वेळ टिपावी. उघड्या पोत्यात ओलावा लागलेल्या टीसीएलची ताकद निघून गेलेली असते. पावडर टाकूनही पाणी पिवळे होत नाही, त्याचे कारण बहुधा हेच.

जीवसृष्टीच्या नोंदींना वेगळी वही ठेवावी. शाळेच्या वाटेवरची दहा झाडे निवडून त्यांच्यावर क्रमांक बांधावेत आणि पंधरवड्याने पाने, फुले, फळे पाहावीत. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये, मोह त्याच्या मागोमाग, बहावा एप्रिल-मेमध्ये, आणि तेही बहुतेक निष्पर्ण अवस्थेत फुलतात. पाने गाळल्याने झाडाचे पाणी उडून जाणे थांबते, आणि कोरड्या महिन्यांत हीच त्यांची बचत. साग मात्र भर पावसात फुलतो. ऑगस्टनंतर सागाची पाने जाळीसारखी दिसू लागतात, तो रोग नसून अळ्यांनी शिरांमधला हिरवा भाग खाल्लेला असतो. मेअखेरचे काजवे, पहिल्या पावसासोबत येणारे शेवळे, वलगणीचे मासे, खाचरातल्या चिंबोऱ्या यांच्या पहिल्या दर्शनाची तारीख पावसाच्या वहीशेजारी मांडली की दोन्हींचा संबंध दिसतो. कातकरी आणि ठाकर वाड्यांवरच्या वडीलधाऱ्यांना या तारखा तोंडपाठ असतात. त्यांनी सांगितलेले ‘सांगितले’ म्हणून आणि स्वतः पाहिलेले ‘पाहिले’ म्हणून वेगळ्या रकान्यांत लिहावे. हिवाळ्यात ओढ्यातला एखादा दगड उलटून पाहिला तर चतुरांच्या आणि इतर कीटकांच्या अळ्या दिसतात. अळ्यांचे बरेच प्रकार असतील तर पाणी बहुधा चांगले. नुसत्या लाल, दोऱ्यासारख्या अळ्या उरल्या असतील तर प्राणवायू कमी आणि घाण जास्त. दगड होता तसा परत ठेवावा.

नोंदींचे वर्ष जानेवारीपासून धरू नये. पाण्याचे वर्ष 1 जून ते 31 मे असते, कारण एका पावसाळ्याचे पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत वापरले जाते. आलेखात आडव्या अक्षावर बावन्न आठवडे, वरून खाली पावसाचे स्तंभ आणि खाली विहिरीच्या पातळीची रेषा काढली, की पाऊस थांबल्यानंतर किती आठवड्यांनी पाणी उतरू लागते ते एका नजरेत दिसते. एखाद्या दिवशी मोजायचे राहिले तर तो चौकोन रिकामा ठेवावा; अंदाजाने भरलेला आकडा आणि शून्य या दोन्हींपेक्षा रिकामी जागा अधिक खरी असते. अहवालात आधी प्रश्न, मग जागा व पद्धत, मग तक्ते आणि शेवटी निष्कर्ष असा क्रम ठेवावा. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी 1993 पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेला स्थानिक प्रश्नावरचे असेच प्रकल्प लागतात. एका वर्षाच्या नोंदींवरून पाऊस वाढला की घटला, हे मात्र ठरवू नये. हवामान विभाग सरासरी काढायला निदान तीस वर्षे घेतो, त्यामुळे दहावीची तुकडी बाहेर पडताना मूळ वही शाळेतच ठेवून नववीच्या तुकडीने 1 जूनपासून तीच पुढे चालवणे सोयीचे ठरते.